घरातील बुरशी आणि तिचे व्यावसायिक निर्मूलन

घराच्या भिंती, छत, लाकडी सामान, कापड, कागद यांवर ओलाव्यामुळे वाढणाऱ्या तंतुमय कवकांना व्यवहारात बुरशी म्हणतात. घरांत मुख्यतः क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस आणि अल्टर्नेरिया या प्रजातींच्या बुरशी आढळतात. दीर्घकाळ भिजलेल्या कागदावर आणि जिप्सम बोर्डावर (कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्सम भरलेले तक्ते) स्टॅकीबॉट्रिस चार्टारम ही काळपट हिरवी, ओली असताना चिकट दिसणारी बुरशी येते. बुरशीचे बीजाणू सूक्ष्म असून त्यांतील बहुतेकांचा आकार २ ते १० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ते बाहेरच्या हवेत नेहमीच असतात आणि दारे-खिडक्या, कपडे, पादत्राणे यांतून घरात येतात. त्यामुळे कोणतेही घर पूर्णपणे बीजाणूमुक्त करता येत नाही आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. निर्मूलनाचे उद्दिष्ट वाढलेली बुरशी तिच्या अवशेषांसह काढून टाकणे आणि जिच्यामुळे ती वाढली ती ओल थांबवणे हे असते. दुसरे काम झाले नाही तर पहिल्यावर केलेला सगळा खर्च वाया जातो.

वाढीची कारणे

बुरशीला अन्न, अनुकूल तापमान आणि पाणी लागते. कागद, लाकूड, रंगातील सेंद्रिय घटक, फरशीवर साचलेला साबणाचा थर, इतकेच काय काचेवरची धूळही तिला अन्न म्हणून पुरते. माणसाला सुखावह वाटणारे तापमान तिलाही मानवते. घरमालकाच्या हातात उरते ते फक्त पाणी.

हे पाणी थेंबांच्या रूपात दिसलेच पाहिजे असे नाही. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत असलेले बाष्प) काही दिवस ८०% च्या आसपास किंवा वर राहिली, तरी अनेक बुरशींना तेवढे पुरते. अ‍ॅस्परजिलस व पेनिसिलियममधील काही जाती याहूनही कोरड्या स्थितीत तग धरतात, तर स्टॅकीबॉट्रिसला पृष्ठभाग जवळजवळ भिजलेला लागतो. म्हणून स्टॅकीबॉट्रिस दिसली तर नुसता दमटपणा नव्हे, प्रत्यक्ष पाणी कुठून तरी येत आहे असे समजावे.

खोलीतील आर्द्रता आणि भिंतीलगतची आर्द्रता यांत गल्लत केल्याने बरेच निदान चुकते. खोलीत २५° से. तापमान आणि ६०% सापेक्ष आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे १६.७° से. असतो. खोलीतील एखादी भिंत २०° से. असेल तर तिच्यावर दव जमणार नाही, पण तिला चिकटून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८१% होईल. भिंत हाताला कोरडी लागते आणि तरीही कपाटामागे बुरशी येते, याचे कारण हेच. म्हणून आर्द्रतामापक खोलीच्या मध्यभागी ठेवून भागत नाही. सर्वांत थंड कोपऱ्यातील पृष्ठभागाचे तापमानही मोजावे लागते. खोलीतील आर्द्रता ६०% च्या खाली, शक्य असल्यास ३० ते ५०% राखावी हा सर्वमान्य सल्ला याच गणितावर आधारलेला आहे.

पाणी सांडले, नळ फुटला किंवा पूर येऊन गेला, तर भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवल्यास बहुधा बुरशी धरत नाही. ही मुदत टळल्यावर काम वाळवण्यापुरते राहत नाही, निर्मूलनाचे होते.

ओलीचा उगम शोधणे

डागाची जागा आणि आकार यांवरून बरेच कळते. बाहेरच्या भिंतीचे कोपरे, खिडकीच्या चौकटी, अवजड फर्निचरमागचा भाग येथे विखुरलेले काळे ठिपके असतील तर हवेतील बाष्पच तेथे अडकत आहे. जमिनीपासून वर साधारण १ मीटरपर्यंत आडवा पट्टा, त्यावर पांढरे क्षार आणि सुटलेले पोपडे असतील तर ओल जमिनीतून चढत आहे. पाऊस पडला की गडद होणारा आणि उघडीप मिळाली की फिकटणारा डाग म्हणजे गच्ची, भेग किंवा खिडकीच्या सांध्यातून झिरपणारे पाणी. कोणत्याही ऋतूत सारखाच ओला राहणारा, कडेला तपकिरी वलय असलेला डाग बहुधा गळक्या नळाचा असतो. अशा वेळी सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा तासा-दोन तासांनी पुन्हा पाहावा. तो पुढे सरकला असेल तर वाहिनीत गळती आहे. सांडपाण्याच्या नळातील गळती मात्र या चाचणीत सापडत नाही.

शंका राहिली तर प्लास्टिकची चाचणी करावी. साधारण ४५ सेंमी चौरस पारदर्शक प्लास्टिक भिंतीला किंवा फरशीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून किमान १६ तास ठेवावे. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येत आहे, खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमत आहे. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्यात जलरोधन किंवा नळदुरुस्ती, दुसऱ्यात वायुवीजन आणि पृष्ठभाग उबदार ठेवणे. बाष्पाने ओलावलेल्या भिंतीवर महागडे जलरोधक लेप लावले जातात ते हा फरक न तपासल्यामुळे.

सुयांचा ओलावामापक लाकडासाठी विश्वसनीय असतो: १५-१६% पर्यंतचा आकडा सुरक्षित, २०% च्या वर धोका. गिलाव्यावर मात्र हाच मापक फक्त तुलनेसाठी वापरावा, कारण क्षार असलेली भिंत कोरडी असूनही तो जास्त आकडा दाखवतो. लोणा आणि बुरशी यांतही नेहमी गोंधळ होतो. लोणा म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार. तो पांढरा, कुरकुरीत असतो आणि पाण्याचा थेंब टाकला की बहुधा विरघळतो. बुरशी विरघळत नाही, चोळल्यावर फासली जाते. लोणा ही बुरशी नव्हे, पण भिंतीतून पाणी वाहते आहे याचा तो पुरावा असतो.

आरोग्यावरील परिणाम

दमट आणि बुरशीयुक्त घरांचा खोकला, छातीतील घरघर, नाक चोंदणे आणि दम्याचा त्रास वाढणे यांच्याशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना, उदाहरणार्थ अवयव प्रत्यारोपण किंवा केमोथेरपी झालेल्यांना, अ‍ॅस्परजिलसचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. अशा व्यक्तींनी सफाई करू नये आणि ती चालू असताना घरात थांबू नये. काळी बुरशी म्हणजे जीवघेणीच, ही समजूत मात्र टिकत नाही. रंगावरून जात ओळखता येत नाही, अनेक निरुपद्रवी बुरशीही काळ्या दिसतात. उपाय जातीनुसार बदलत नाही, त्यामुळे घरगुती प्रसंगी जात ओळखण्यासाठी पैसे घालवण्याची सहसा गरज नसते. मेलेल्या बुरशीचे बीजाणू आणि तुकडेही अ‍ॅलर्जी निर्माण करतात. नुसते मारून ती जागेवर ठेवणे पुरेसे नाही ते यामुळे.

घरच्या घरी सफाई

बुरशीचा डाग सुमारे १ चौ.मी. पेक्षा लहान असेल, सांडपाण्याचा संबंध नसेल आणि घरात कोणाला श्वसनाचा गंभीर आजार नसेल, तर सफाई स्वतः करता येते. एन-९५ मास्क, हवेची भोके नसलेला गॉगल आणि कोपराकडे जाणारे लांब रबरी हातमोजे आवश्यक आहेत. साध्या कापडी मास्कमधून बीजाणू आत जातात. खोलीचे दार बंद करावे, पंखा आणि एसी बंद ठेवावा, खिडकी उघडावी. कोरडी बुरशी झाडूने झाडणे किंवा साध्या व्हॅक्यूमने ओढणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून बारीक बीजाणू मागच्या बाजूने खोलीभर पसरतात. प्रथम डागावर पाण्याचा हलका फवारा मारून तो ओलसर करावा, मग भांडी घासण्याचा साबण मिसळलेल्या पाण्याने घासावे, फडके वारंवार बदलावे, शेवटी स्वच्छ पाण्याने पुसून जागा त्याच दिवशी कोरडी करावी. वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाकावीत.

ब्लीच फरशी, काच, सिरॅमिक टाइल अशा पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर उपयोगी पडते. १ लिटर पाण्यात जास्तीत जास्त ६० मिलि. घरगुती ब्लीच पुरे. लाकूड, गिलावा, जिप्सम बोर्ड यांवर त्याचा उपयोग फसवा आहे. रंग उडतो आणि डाग गेल्यासारखा वाटतो, पण द्रावणातील पाणी आत मुरून खोलवरच्या कवकतंतूंना ओलावाच मिळतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला क्लीनर मिसळल्यास क्लोरामाइन आणि व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे आम्ल मिसळल्यास क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही विषारी आहेत. एकामागून एक वापरतानाही मधे जागा भरपूर पाण्याने धुवावी. डागावर थेट रंग मारणे हा उपायच नव्हे. काही आठवड्यांत रंगाखाली फुगवटे येऊन पापुद्रे सुटतात.

व्यावसायिक निर्मूलन

डाग मोठा असणे, भिंतीच्या पोकळीत किंवा एसीच्या वाहिन्यांत बुरशी असणे, मैलापाणी शिरलेले असणे, किंवा काही दिसत नसताना कुबट वास टिकून राहणे, या प्रसंगी व्यावसायिकांना बोलवावे. या क्षेत्राचा पाया न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने १९९३ मध्ये काढलेल्या आणि पुढे सुधारलेल्या मार्गदर्शिकेने घातला. २००१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शाळा व व्यावसायिक इमारतींसाठी मार्गदर्शिका काढली. २००३ पासून आयआयसीआरसी या अमेरिकी संस्थेचे एस-५२० हे बुरशी निर्मूलनाचे मानक व्यवसायात वापरले जाते. त्यात जागेच्या तीन अवस्था मानल्या आहेत: नेहमीचे वातावरण, इतरत्रची बुरशी उडून बीजाणू बसलेली जागा आणि प्रत्यक्ष वाढ असलेली जागा. कामाचे ध्येय दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेला पहिल्या अवस्थेत आणणे हे असते.

पाहणी करणारा आणि काढणारा वेगवेगळे असावेत. जो काढून देणार तोच किती काढायचे ते ठरवू लागला, तर हितसंबंधांचा पेच येतो. टेक्सास आणि न्यूयॉर्क या राज्यांच्या परवाना नियमांनी एकाच कामात या दोन्ही भूमिका घेण्यास मनाई केली आहे. जेथे नियम नाही तेथे ग्राहकाने हा आग्रह स्वतः धरावा. हवेचा नमुना घेतलाच, तर त्याच वेळी बाहेरच्या हवेचाही नमुना घ्यावा. घरातील बीजाणूंची सर्वमान्य कमाल मर्यादा ठरलेली नसल्याने बाहेरशी तुलना केल्याविना आकडा निरर्थक असतो.

प्रत्यक्ष कामात आधी अडथळा उभारला जातो. सुमारे ०.१५ मिमी जाडीच्या पॉलिथिनच्या शीटने दार, खिडक्या आणि एसीच्या जाळ्या सीलबंद करतात. आत हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) असलेले यंत्र बसवून त्याची हवा बाहेर सोडतात, त्यामुळे आतला दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा कमी राहतो. सुमारे ५ पास्कल इतका फरक पुरतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७% कण अडवतो. तासाला किमान ४ वेळा हवा बदलावी असे गणित धरले, तर ४ × ५ × ३ मीटरच्या खोलीला तासाला २४० घनमीटर हवा ओढणारे यंत्र लागते. फिल्टर मळला की प्रवाह घटतो, म्हणून थोडे मोठे यंत्रच घ्यावे. अडथळा नीट आहे का हे पाहायला उपकरण लागत नाही: प्लास्टिक आतल्या बाजूला फुगलेले दिसले पाहिजे. ते सैल लोंबत असेल किंवा बाहेर फुगले असेल, तर काम तिथेच थांबवायला सांगावे, कारण आतली धूळ घरभर जात आहे.

नंतर वस्तूंची निवड होते. जिप्सम बोर्ड, छताच्या फायबर टाइल, गालिच्याखालचा थर, फुगलेले एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचे दाबीव तक्ते), गादी, उष्णतारोधक कापूस या गोष्टी वाचवण्याचा प्रयत्न करू नये. बोर्ड दिसणाऱ्या डागापुढे साधारण ३० ते ६० सेंमी, कोरडा आणि स्वच्छ भाग लागेपर्यंत कापतात. मागच्या बाजूची वाढ पुढून दिसणाऱ्या डागापेक्षा बहुधा मोठी असते. मलबा खोलीतच जाड पिशवीत भरून तोंड पिळून बांधतात, पिशवी बाहेरून पुसतात आणि दुसऱ्या पिशवीत घालून मगच बाहेर नेतात. सागवान किंवा पाइनसारखे भरीव लाकूड बहुधा वाचते. वरचा थर तारेच्या ब्रशने किंवा हेपा व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरने काढतात. छताखालच्या मोठ्या लाकडी सांगाड्यांवर कोरड्या बर्फाचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) मारा करणेही प्रचलित आहे. घट्ट गिलावा घासून स्वच्छ होतो, पोकळ वाजणारा काढावा लागतो.

त्यानंतरची सफाई कंटाळवाणी असते आणि घाईत तिलाच कात्री लागते: सर्व पृष्ठभागांवर हेपा व्हॅक्यूम, मग ओल्या फडक्याने पुसणे, मग वाळल्यावर पुन्हा हेपा व्हॅक्यूम, छतापासून सुरुवात करून खालपर्यंत. बुरशीनाशकाची वाफ किंवा धुके सोडून एका दिवसात काम उरकणाऱ्यांपासून सावध राहावे. त्याने मृत बुरशी जागीच राहते. ओझोन यंत्रांचीही हीच गत, शिवाय बुरशीवर परिणामकारक ठरेल इतका ओझोन माणसाच्या फुप्फुसांना अपायकारक असतो.

अंतिम तपासणी अडथळा काढण्यापूर्वीच झाली पाहिजे. डाग दिसत नाही, कुबट वास नाही, काळे कापड फिरवले तर धूळ लागत नाही, आणि लाकडातील ओलावा न भिजलेल्या भागाइतकाच आहे, या चार गोष्टी पाहाव्यात. लाकूड १६% च्या खाली येण्याआधी नवे बोर्ड चढवल्यास आतली ओल कोंडून बुरशी परत येते. डीह्युमिडिफायर (हवेतील बाष्प काढून घेणारे यंत्र) आणि पंखे यांनी वाळवायला अनेक दिवस, जाड भिंतींना आठवडे लागतात. पंखे अर्थातच बुरशी काढल्यानंतर लावायचे, आधी नव्हे.

काम संपल्यावर फर्निचर बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंमी दूर ठेवावे, आंघोळ व स्वयंपाकाच्या वेळी आणि त्यानंतर २०-३० मिनिटे एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा, पंख्याची वाहिनी छताच्या पोकळीत न सोडता घराबाहेर काढावी. बुरशी पुन्हा त्याच जागी आली तर ओलीचा उगम सापडलेला नाही किंवा दुरुस्ती अपुरी आहे. काम चालू असलेल्या खोलीलगतच्या, आधी स्वच्छ असलेल्या खोलीत काही आठवड्यांत नवे डाग दिसले, तर तेथील ओल मोजावीच, शिवाय अडथळ्यातून गळती झाली होती का याची कंत्राटदाराकडे चौकशी करून ती खोलीही हेपा व्हॅक्यूमने साफ करून घ्यावी.