ग्राफ पेपर ते ग्राफिंग कॅल्क्युलेटर: स्केल अजून आपणच ठरवायचं

वडोदऱ्यात दहावीपर्यंत सीबीएसई किंवा गुजरात बोर्डात शिकून अकरावीला आयबीकडे (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट बोर्डाकडे) वळणाऱ्या मुलांना गणितासाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावा लागतो. घरात तो बहुधा कुणी हाताळलेला नसतो. सीबीएसईच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, जेईईलाही नाही. इंजिनिअरिंगला असलेल्या ताई-दादाकडे कॅसिओचा साधा सायंटिफिक असतो, पण त्यावर ग्राफ निघत नाही. त्यामुळे नवं यंत्र हातात आलं की मुलं थेट ग्राफचं बटण दाबतात आणि पडद्यावर उमटेल ते खरं मानतात. हे यंत्र कुठून आलं ते कळलं, तर ही सवय लवकर सुटते.

कलाभवनातून वाढलेल्या एमएस युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकलेल्या आजोबांच्या पिढीकडे स्लाइड रूल (गुणाकार-भागाकार करायची सरकपट्टी) आणि लॉग टेबल होतं. १९७२ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-३५ आला. साइन, कॉस, लॉग काढणारा हा खिशात मावणारा पहिला कॅल्क्युलेटर, किंमत ३९५ डॉलर. पुढच्या काही वर्षांत किमती कोसळल्या आणि स्लाइड रूल मागे पडला. ग्राफ मात्र कागदावरच राहिला. त्यात तीन कामं असतात: अक्षांवर स्केल ठरवणं, सात-आठ बिंदूंचा तक्ता करून ते मांडणं, आणि ते वक्रानं जोडणं. पुढे आलेल्या यंत्रानं मांडणं आणि जोडणं उचललं. स्केल आपल्याकडेच राहिलं. शिकताना होणारा बराचसा गोंधळ इथलाच आहे.

१९८५ मध्ये कॅसिओनं एफएक्स-७०००जी बाजारात आणला, तो पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, प्रोग्रॅमसाठी जागा ४२२ बाइट. १९८७ च्या एचपी-२८सी वर अक्षरांची बीजगणितं, म्हणजे एक्स-वाय तसेच ठेवून केलेली, सुटू लागली. पण यंत्र वर्गात नेलं ते शिक्षकांनी. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या बर्ट वेट्स आणि फ्रँकलिन डेमाना यांनी १९८० च्या दशकात शिक्षकांसाठी प्रशिक्षणं सुरू केली. १९८९ मध्ये तिथल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेनं नववी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर असावा, अशी भूमिका घेतली. १९९० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ आला, खास शाळांसाठी. १९९५ पासून एपी कॅल्क्युलसच्या, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजपातळीच्या अमेरिकन परीक्षेत ग्राफिंग कॅल्क्युलेटर सक्तीचाच झाला.

त्या परीक्षेनं यंत्राकडून चार गोष्टी मागितल्या: हव्या त्या विंडोत (एक्स आणि वाय कुठून कुठपर्यंत दाखवायचे त्या मर्यादेत) ग्राफ काढणं, समीकरणाची मुळं काढणं, एखाद्या बिंदूपाशी डेरिव्हेटिव्हची (वक्राच्या उताराची) किंमत देणं आणि डेफिनिट इंटिग्रलची (ढोबळमानानं वक्राखालच्या क्षेत्रफळाची) किंमत देणं. आजही नव्या विद्यार्थ्यानं आधी याच चार गोष्टी पक्क्या कराव्यात. मेन्यूतलं बाकीचं लागेल तसं शिकता येतं. आणि यादीत विंडो पहिली आहे, तो क्रम शिकतानाही पाळावा.

आता विंडो म्हणजे काय ते जवळून पाहू. टीआय-८३ आणि जुन्या टीआय-८४ प्लसवर ग्राफसाठी आडवे ९५ ठिपके असतात, म्हणजे मधली अंतरं ९४. स्टँडर्ड विंडो उणे १० ते १०. २० ला ९४ नं भागलं की ०.२१२७६५९६ येतं. ट्रेस करताना, म्हणजे ग्राफवरून बिंदू सरकवताना, एक्सच्या किमती अशा वेड्यावाकड्या येतात त्या यामुळे. झूमच्या मेन्यूत डेसिमल निवडलं की विंडो उणे ४.७ ते ४.७ होते आणि पाऊल बरोबर ०.१ पडतं. ४.७ हा विचित्र आकडा त्यासाठीच निवडलेला आहे.

यंत्र फक्त या ठिपक्यांवरच किंमत काढतं आणि मग शेजारचे ठिपके रेषेनं जोडतं. १/(एक्स−२) चा ग्राफ स्टँडर्ड विंडोत काढा. एक्स बरोबर २ हा ठिपकाच तिथे नाही. अलीकडचा ठिपका १.९१४९, तिथे किंमत उणे ११.७५, पलीकडचा २.१२७७, तिथे ७.८३. यंत्र दोन्ही जोडतं आणि एक उभी रेषा उमटते. वहीत ती रेषा उतरवली की गुण जातात, कारण फंक्शन तिथे नाहीच. डेसिमल विंडोत २ वर ठिपका पडतो, तिथे किंमत निघत नाही आणि रेषा तुटते.

साइन ३०एक्सचं उदाहरण तर प्रत्येकानं एकदा करून पाहावं. रेडियनमध्ये (अंशांऐवजी कोन मोजायचं दुसरं एकक), स्टँडर्ड विंडोत त्याच्या ९५ हून जास्त लाटा असायला हव्यात. पडद्यावर जेमतेम दीड लाट दिसते, तीही अगदी गुळगुळीत. संशय यावा असं तिच्यात काहीच नसतं. मोड चुकून डिग्रीत राहिला तर साध्या साइन एक्सची लाटही जवळजवळ सपाट होते, कारण साइन १० अंश म्हणजे फक्त ०.१७. दहावीपर्यंत सगळं अंशांत केलेलं असल्यामुळे आपल्या मुलांकडून ही चूक हमखास होते.

म्हणून ग्राफच्या आधी टेबल, म्हणजे यंत्रातला किमतींचा तक्ता, उघडावं. एक्सवर्ग − ३०एक्स + २०० घ्या. स्टँडर्ड विंडोत उजव्या कडेला एक उभा तुकडा दिसतो, बाकी पडदा रिकामा. टेबलमध्ये पाचाच्या पावलानं ०, ५, १०, १५, २०, २५, ३० ला २००, ७५, ०, उणे २५, ०, ७५, २०० मिळतात. मग एक्स ० ते ३०, वाय उणे ४० ते २००, खुणा ५ आणि २० च्या अंतरावर ठेवल्या की पूर्ण पॅराबोला येतो. ग्राफ पेपरवर स्केल असंच ठरवतो, त्यामुळे वहीत ग्राफ नीट काढणाऱ्या मुलांना हे लवकर जमतं.

काही अडचणी बटणांच्या आहेत. उणे संख्येचं बटण वेगळं, वजाबाकीचं वेगळं. अदलाबदल झाली की बहुधा सिंटॅक्स एरर. आधीच्या कुणी स्टॅटचा (आकडेवारीचा) प्लॉट चालू ठेवला असेल तर डायमेन्शनचा एरर येऊन ग्राफ अडतो. वाय= च्या पडद्यावर वर जाऊन तो प्लॉट बंद करावा. जुन्या वर्कशीट वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: १/२एक्स हे टीआय-८२ वर १/(२एक्स) धरलं जाई, टीआय-८३ पासून ते (१/२)एक्स धरलं जातं. कंस घातला की प्रश्नच उरत नाही.

२०१५ च्या टीआय-८४ प्लस सीईचा पडदा रंगीत आणि ३२० बाय २४० ठिपक्यांचा आहे. तिथे खोटी उभी रेषा टाळण्याची सोयही आहे. ठिपके वाढले, पद्धत तीच. फोनवर जिओजेब्रा आणि डेसमॉस फुकट मिळतात, अमेरिकन कॉलेजप्रवेशाच्या डिजिटल सॅटमध्ये डेसमॉस परीक्षेच्या पडद्यावरच असतो, त्यामुळे हातातलं यंत्र कशाला, असं पालक विचारतात. आयबीच्या परीक्षेत फोन चालत नाही, म्हणून. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात गणिताचे दोन कोर्स आहेत. अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशनच्या सर्व पेपरना ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो. अॅनॅलिसिस अँड अॅप्रोचेसच्या पहिल्या पेपरला तो चालत नाही. अक्षरांची बीजगणितं सोडवण्याची सोय परीक्षेत चालत नाही, तेव्हा जुनं यंत्र विकत घेताना मॉडेल शाळेत विचारूनच घ्यावं. टीआय-८४ प्लसवर परीक्षेचा मोड (साठवलेले प्रोग्रॅम बंद ठेवणारा) लावायला यंत्र बंद करून डावा बाण, उजवा बाण आणि ऑन एकत्र दाबून धरतात. तो मोड काढायला केबलनं दुसरं यंत्र किंवा कॉम्प्युटर जोडावा लागतो, म्हणून सेकंडहँड घेताना केबलही मागून घ्यावी.