हत्तरसंग कुडल: संगमावरची देवळं

हत्तरसंग कुडल हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, सोलापूरपासून साधारण 40 किलोमीटर, विजापूर रोडनं जाऊन आत वळायचं. इथे सीना नदी भीमेला मिळते आणि त्या संगमावरच संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन जुनी देवळं आहेत. कूडल म्हणजे कन्नडमध्ये संगमच, म्हणून नावात घोळ होतो. बसवेश्वरांचं कूडलसंगम वेगळं, ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर आहे.

हरिहरेश्वर कितीतरी वर्षं मातीच्या ढिगाखाली होतं, सोलापूरच्या अभ्यासकांनी आणि कॉलेजच्या पोरांनी माती उपसली तेव्हा कुठे ते मोकळं झालं. नावाप्रमाणे गाभारे दोन, एक हरीचा एक हराचा. समोर स्वर्गमंडप आहे, म्हणजे खांबांचं गोल रिंगण आणि मधे छतच नाही, मान वर केली की सरळ आभाळ. कोल्हापूरकडचं खिद्रापूर ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच कळेल, पण खिद्रापूरला गर्दी असते आणि इथे दुपारी गेलात तर तुम्ही आणि नदीचा वारा एवढंच, मला तर हेच जास्त आवडतं.

याच उत्खननात बहुमुखी शिवलिंग सापडलं. एकाच दगडात, जवळजवळ माणसाच्या उंचीचं, वजन साधारण साडेचार टन सांगतात, आणि त्यावर ओळीनं कोरलेली 359 छोटी मुखं. मूळ लिंग धरून 360 होतात, म्हणून वर्षाच्या दिवसांशी त्याचा संबंध लावतात. असं लिंग दुसरीकडे बघायला मिळत नाही, त्यामुळे येणारा प्रत्येकजण आधी तिथेच धावतो, फोटो काढतो आणि परत फिरतो.

पण खरं धन शेजारच्या संगमेश्वरात आहे आणि ते बघायला वर बघावं लागतं. सभामंडपात खांबांवरच्या तुळईवर एक शिलालेख आहे, शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 च्या सुमाराचा, तेव्हा इकडे कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो लोकांपुढे आणला. शेवटी लिहिलंय, ‘वाछि तो विजेया होऐवा’, जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीचं मराठी, आणि आजही न अडखळता समजतं! आद्य मराठी शिलालेख कुठला यावर श्रवणबेळगोळ, अलिबागजवळचं अक्षी आणि कुडल अशी तीन नावं येतात. श्रवणबेळगोळच्या लेखाचा काळ अनेक अभ्यासक नंतरचा, बाराव्या शतकातला धरतात आणि अक्षीच्या सालाच्या वाचनावरही वाद आहे, कुडलच्या लेखात मात्र साल आकड्यात कोरलेलं आहे, म्हणून आम्हा सोलापूरकरांचा जीव यात अडकलेला.

आणि गंमत म्हणजे हे मराठी वाक्य अशा जागी आहे जिथे गावात आजही कन्नड तेवढीच बोलली जाते आणि नदीपलीकडे कर्नाटक सुरू होतो. जाताना बॅटरी घेऊन जा, मंडपात अंधार असतो, उजेड बाजूनं तिरका पाडला की अक्षरं उठून दिसतात, समोरून पाडला तर काहीच वाचता येत नाही.