बरगड्यांचे दुखणे आणि पाठीतली सुई

'पाठीत सुई घेतली की कंबर कायमची गेली' हा समज रत्नागिरी-सिंधुदुर्गात इतका पक्का आहे, की फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्यातल्या बांबोळीला निघालेला रुग्ण भूलतज्ज्ञाला आधी हेच विचारतो. सुई टोचलेली जागा काही दिवस ठणकते. कायमच्या कंबरदुखीशी तिचा संबंध मात्र अभ्यासांतून दिसलेला नाही. 'सोसले की जखम लवकर भरते' ही समजूत याहून घातक आहे. छातीची जखम प्रत्येक श्वासाबरोबर हलते, त्यामुळे रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

छातीच्या भिंतीच्या वेदना वाहणारे मज्जातंतू मणक्यांमधल्या छिद्रांतून बाहेर पडून बरगड्यांच्या खालच्या कडेने पुढे येतात. त्या वाटेवर बधिर करणारे औषध नेमके कुठे सोडायचे, यावरून पद्धती ठरतात. एपिड्युरलमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवतात. वेदना उत्तम शमते, पण दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे तंतूही बधिर होतात, म्हणून रक्तदाब उतरतो. कधी लघवीही अडते.

पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक, म्हणजे मणक्याशेजारीच तंतू बधिर करणे, मला अधिक नेमका वाटतो. मणक्याच्या एका अंगाला, पुढे फुप्फुसाचे आवरण आणि मागे बरगडीला मणक्याशी बांधणारा अस्थिबंध, यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची चिंचोळी जागा असते. छिद्रातून नुकताच बाहेर आलेला तंतू तिथे उघडाच सापडतो; शिवाय ही जागा वरखाली सलग असल्याने एकाच ठिकाणी सोडलेले औषध शेजारच्या काही बरगड्यांपर्यंत पसरते. सोनोग्राफीच्या पडद्यावर औषध शिरताना फुप्फुसाचे आवरण पुढे दबलेले स्पष्ट दिसते, आणि सुई योग्य जागी असल्याची तीच खूण. १९०५ साली जर्मन डॉक्टर ह्यूगो झेलहाइम यांनी वापरलेली ही पद्धत मागे पडली होती. १९७९ नंतर ती पुन्हा रुळली. तुलनात्मक अभ्यासांत तिने एपिड्युरलइतकाच आराम दिला आणि रक्तदाब उतरणे, लघवी अडणे, मळमळ हे त्रास कमी केले. फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागण्याचा धोका मात्र उरतोच.

२०१६ साली वर्णन झालेल्या इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉकमध्ये औषध पाठीच्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडावर सोडतात. तो सोपा आहे आणि सुई फुप्फुसापासून दूर राहते; परंतु औषध मज्जातंतूच्या मुळापर्यंत किती पोहोचेल, याची खात्री नसते. म्हणून त्याचा सध्या होणारा गवगवा मला पटत नाही.

यांपैकी कोणताही ब्लॉक उत्तम लागला, तरी शस्त्रक्रियेच्या बाजूचा खांदा दुखू शकतो. छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाकडे जाणारी, तिथली वेदना खांद्यात जाणवून देणारी नस मानेतून निघते आणि पाठीतले औषध तिथवर पोहोचत नाही. त्या दुखण्यासाठी वेगळे औषध मागून घ्यावे.