जॅझच्या साथीने कविता आणि सेसिल टेलरची कविता

सेसिल टेलर (१९२९–२०१८) हा न्यूयॉर्कचा पियानोवादक कविताही करायचा, हे कळलं की डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं: मागे बँड, पुढे वाचणारा कवी. याला जॅझ पोएट्री म्हणतात आणि ती परंपरा मोलाची आहे. १९५८ साली अमेरिकी कवी लँग्स्टन ह्यूजने आपल्या कविता ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्यातल्या काहींना जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसच्या वादकांची साथ होती. तिथे शब्द स्वच्छ ऐकू येतात. वाद्यं ओळींमधली जागा भरतात आणि पुन्हा कवीला वाट करून देतात. बँड काढून घेतला तरी कविता उभी राहते, कारण ती कागदावर आधीच पूर्ण झालेली असते.

टेलरचा १९८७ साली ध्वनिमुद्रित झालेला ‘चिनाम्पास’ हा अल्बम ऐका. त्यात पियानो नाहीच! आहे तो त्याचा आवाज आणि त्यानेच वाजवलेली घंटा, टिंपनी अशी तालवाद्यं. शब्द तो कुजबुजतो, ताणतो, एखाद्या अक्षरावर घाव घालतो, मध्येच सोडून देतो. पहिल्यांदा मी अर्थ लावायच्या मागे लागले आणि दमले. दुसऱ्यांदा फक्त श्वास कुठे तुटतो तेवढंच ऐकत गेले, आणि त्याचा पियानो ओळखू आला.

कारण पियानोवरही तो हेच करतो. त्याचा पियानो म्हणजे सुरात लावलेले ८८ ड्रम, असं म्हणतात ते उगाच नाही. एक छोटा तुकडा घ्यायचा, तो फोडायचा, वर-खाली फिरवायचा, दुसऱ्यावर आदळायचा. त्याच्या संगीताला ‘फ्री जॅझ’, म्हणजे मुक्त जॅझ, म्हणतात; त्या नावामुळे हे मनाला येईल तसं वाजवणं वाटतं. पण ‘युनिट स्ट्रक्चर्स’ (१९६६) हा सात वादकांचा अल्बम अशा तुकड्यांवरच रचलेला आहे. त्याच्या वेष्टनावरचा मजकूरही टेलरने स्वतः लिहिला. संगीत समजावून सांगण्याऐवजी तो मजकूर स्वतःच कवितेसारखा वागतो.

म्हणून त्याची कविता नुसती छापली तर तिचं बरंच काही गळून पडतं. ती घशात, पायांत आणि बोटांत मिळून घडायची. कित्येक मैफलींत तो पडद्याआडूनच काही म्हणत, नाचाची पावलं टाकत रंगमंचावर यायचा. पियानोपाशी पोचायला त्याला वेळ लागायचा. मैफल मात्र तोवर सुरू झालेली असायची.