डोंगरमाथ्यावर पाणी चढवणारा कालवा

लंडनहून पश्चिमेला निघालं आणि रेडिंग मागे पडलं, की बर्कशर आणि विल्टशरचा ग्रामीण पट्टा लागतो. न्यूबरी, हंगरफर्ड, डिव्हायझेस, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन अशी लहान लहान गावं आणि मेंढ्यांची कुरणं. या सगळ्यांना जोडत जाणारा केनेट अँड एव्हन कालवा आज सुट्टीवर आलेल्यांच्या नौकाविहारासाठी ओळखला जातो. त्याची खरी गोष्ट मात्र पाण्याच्या हिशेबाची आहे, आणि तो हिशेब जमिनीखालच्या दगडाने ठरवलेला आहे.

इथे दोन नद्या एकमेकींकडे पाठ करून वाहतात. केनेट पूर्वेला जाऊन थेम्सला मिळते, तर एव्हन पश्चिमेला बाथवरून ब्रिस्टलकडे जाते. केनेटवर रेडिंग ते न्यूबरी आणि एव्हनवर ब्रिस्टल ते बाथ अशी होड्यांची वाहतूक १७२०च्या दशकातच सुरू झाली होती. मधलं अंतर सुमारे ९२ किलोमीटर. ते जोडलं गेलं नव्हतं, म्हणून लंडन-ब्रिस्टल मालाला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला वळसा घालून समुद्रातून जावं लागे, वादळं आणि शत्रूची जहाजं चुकवत. स्कॉटिश अभियंता जॉन रेनी याने हा मधला तुकडा खोदायला १७९४ मध्ये सुरुवात केली. काम १८१० मध्ये पुरं झालं.

अडचण अशी की दोन नद्यांच्या मध्ये डोंगर आहे. नाव डोंगर चढते ती लॉकमधून. दोन्ही बाजूंना दारं असलेला हौद, त्यात वरून पाणी सोडलं की नाव वर उचलली जाते आणि पाणी खाली सोडलं की उतरते. दाराला ना इंजिन लागतं ना मोटर, दोन माणसं लांब दांडा ढकलून ते उघडतात. पण प्रत्येक वेळी हौदभर पाणी कायमचं खालच्या पातळीला जातं. या कालव्यावर ते साधारण २ लाख ४० हजार लिटर भरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चोवीस टँकर. माथा ओलांडणारी एक नाव चढताना एकदा आणि पलीकडे उतरताना पुन्हा एकदा एवढं पाणी खर्च करते. नदीला पाणी तिच्या उगमाकडून मिळतं. कालव्याला ते नेमकं सर्वांत उंच जागी लागतं, जिथे ते मिळणं सगळ्यांत कठीण.

हा माथा सेव्हरनेकच्या जंगलाजवळ आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १३७ मीटरवर. खाली पसरलेला दगड म्हणजे चॉक, आपल्या फळ्यावरच्या खडूशी नातं सांगणारा पांढरा, मऊ चुनखडक. त्यावर पडलेला पाऊस वाहून न जाता आत मुरतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून माथा कोरडा आणि पायथा पाणीदार. रेनीच्या पहिल्या आराखड्यात माथ्याची पातळी खाली ठेवून लांबलचक बोगदा खणायचा होता. विल्यम जेसप या दुसऱ्या अभियंत्याने सुचवलं, की बोगद्याचा खर्च आणि वेळ वाचवा, माथा वर राहू द्या, पाणी पंपाने चढवा. संचालकांनी ते मानलं. तरीही एक छोटा बोगदा झालाच, ४५९ मीटरचा. तिथल्या जमीनदार उमरावाला आपल्या इस्टेटीतून खोल चर गेलेला नको होता!

पाणी चढवण्याचं काम क्रॉफ्टन इथे होतं. पायथ्याच्या झऱ्यांचं पाणी इथून बारा मीटर वर उचलून माथ्याच्या पातळीला सोडलं जाई. त्यासाठी बसवलेलं बोल्टन अँड वॉट कंपनीचं वाफेचं इंजिन १८१२ सालचं आहे, आणि ते आजही चालतं. आपल्या मूळ इमारतीत राहून मूळ काम करू शकणारं याच्याहून जुनं बीम इंजिन जगात दुसरं नाही. बिडाची अजस्र तुळई मध्यावर तोललेली असते. तिच्या एका टोकाला पिस्टन, दुसऱ्या टोकाला पंपाचा दांडा. वाफ वेगळ्या कक्षात नेऊन थंड केली की तिचं पाणी होतं, पिस्टनखाली निर्वात पोकळी तयार होते, पिस्टन खाली येतो आणि तुळईचं दुसरं टोक पाणी घेऊन उचललं जातं. एका ठोक्याला सुमारे एक टन पाणी. वेगळ्या कक्षात वाफ थंड करण्याची ही युक्ती जेम्स वॉटची. तिच्यामुळे सिलिंडर गरमच राहतो आणि कोळसा खूप वाचतो. रोजचं काम आता विजेचे पंप करतात, पण ठरावीक दिवशी भट्टी पेटवून हे इंजिन चालवलं जातं. वाफेच्या युगाचं यापेक्षा जिवंत स्मारक मला माहीत नाही.

पश्चिमेला, बाथजवळच्या क्लॅव्हर्टनला तर कोळसाही लागला नाही. १८१३ मध्ये सुरू झालेल्या इथल्या पंपघरात सात मीटरहून रुंद पाणचक्की एव्हन नदीच्याच प्रवाहावर फिरते आणि त्याच नदीचं पाणी जवळजवळ पंधरा मीटर वर कालव्यात टाकते.

बाथच्या बाजूला दगड बदलतो. इथे भेगाळलेला ज्युरासिक चुनखडक आहे, त्यात मातीचे थर, आणि उतार सरकणारे. कालव्याच्या तळाला पाण्यात मळून तुडवलेल्या चिकणमातीचं अस्तर देत असत. पण खालची जमीन हलली की अस्तर फाटतं आणि पाणी भेगांतून निघून जातं. लिम्प्ली स्टोकजवळ १९५४ मध्ये कालवा असा फुटला की तो भाग कित्येक वर्षं कोरडा पडून होता.

याच परिसरात दगडाची भाषा वाचणारा माणूस घडला. विल्यम स्मिथ हा सॉमरसेट कोल कॅनॉल या छोट्या कालव्याचा सर्व्हेअर होता. तो कालवा कोळसा घेऊन केनेट अँड एव्हनला येऊन मिळे. खोदकामात उघडे पडलेले थर पाहताना त्याच्या लक्षात आलं, की थर नेहमी त्याच क्रमाने येतात आणि प्रत्येकात विशिष्ट जीवाश्म असतात. दोन ठिकाणचे दगड दिसायला सारखे असले तरी जीवाश्मांवरून ते वेगळे ओळखता येतात. १८१५ मध्ये त्याने इंग्लंड आणि वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. एवढा मोठा प्रदेश थरांनुसार रंगवून दाखवणारा तसा नकाशा आधी कुणी केला नव्हता. त्याला १८१९ मध्ये कर्जापायी तुरुंगवास भोगावा लागला, हे वाचून आजही वाईट वाटतं. मान मिळाला १८३१ मध्ये, जिऑलॉजिकल सोसायटीच्या पहिल्या वोलॅस्टन पदकाने.

पुढे रेल्वे आली आणि १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने कालवा विकत घेतला. हळूहळू तो गाळाने भरत गेला. स्वयंसेवकांनी तो दशकानुदशकं खपून पुन्हा उभा केला आणि ऑगस्ट १९९० मध्ये तो नव्याने खुला झाला. डिव्हायझेसजवळ केन हिलवर २९ लॉक तीन-सव्वातीन किलोमीटरमध्ये ७२ मीटर उतरतात. त्यातले १६ अगदी एका ओळीत आहेत. ते इतके जवळ आहेत की मधल्या तुकड्यात हौदभर पाणी मावत नाही, म्हणून प्रत्येकाच्या बगलेला रुंद तळं खणलंय. १९९६ मध्ये इथेही पंप बसवले. खाली गेलेलं पाणी ते पुन्हा या लॉकच्या रांगेच्या वरच्या टोकाला नेतात, रोज सुमारे ३ कोटी २० लाख लिटरपर्यंत.

कालव्याचं कौतुक करताना केनेट विसरू नये. चॉकच्या झऱ्यांवर जगणाऱ्या नद्या जगात फार थोड्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्ये. वर्षभर एकसारखं थंड, काचेसारखं स्वच्छ पाणी, तळाशी पाणवनस्पती, त्यांत ट्राउट मासे. हंगरफर्डच्या खाली कालवा आणि नदी बऱ्याच ठिकाणी एकमेकींत मिसळतात. कालव्याचं गढूळ, शेवाळी पाणी नदीत येतं, नावांमुळे गाळ ढवळतो, तळापर्यंत उजेड पोहोचत नाही आणि वनस्पती मरतात. वरच्या भागात वेगळंच दुखणं होतं. केनेटकाठच्या ॲक्सफर्ड गावाजवळून उपसलेलं पाणी स्विंडन शहराला जाई आणि वापरून झाल्यावर केनेटमध्ये परत येत नसे. त्यासाठी ऑक्सफर्डजवळच्या फार्मूर जलाशयाचं पाणी स्विंडनकडे नेणारी नवी पाइपलाइन टाकली गेली आणि २०१७ पासून ॲक्सफर्डचा उपसा कमी झाला.