टिकणारे बोलणे, वाहून जाणारे बोलणे : मराठी ऑनलाइन गप्पांची पार्श्वभूमी

इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० साली सुरू केलेली 'प्लेटो' ही संगणकप्रणाली विद्यार्थ्यांना पडद्यावर धडे देण्यासाठी होती. गप्पांचा विचार तिच्या रचनेत कुठेही नव्हता. तरीही १९७३ साली, काही महिन्यांच्या अंतराने, तिच्यावर दोन सोयी आल्या, आणि नंतरच्या ऑनलाइन गप्पांचे बहुतेक प्रकार या दोहोंपैकी एकीच्या वळणाने गेलेले दिसतात.

पहिली सोय म्हणजे डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या 'नोट्स'. प्रणालीतील त्रुटी कळवण्यासाठी तोवर एक खुली फाइल होती आणि तिच्यात कोणीही दुसऱ्याचा मजकूर खोडू शकत असे. वूलीने प्रत्येक नोंद लिहिणाऱ्याच्या नावानिशी स्वतंत्र ठेवली आणि तिच्याखाली उत्तरे लिहिण्याची व्यवस्था केली. दुसरी सोय डग ब्राउन याची 'टॉकोमॅटिक'. तिच्यात एका वेळी पाच जण बोलू शकत. पडद्यावर प्रत्येकाला एक आडवा पट्टा मिळे आणि टंकलेले अक्षर त्याच क्षणी सर्वांना दिसे, चुकलेले आणि लगेच खोडलेलेसुद्धा. वाक्य जुळवताना समोरचा माणूस कुठे अडखळला, कोणता शब्द त्याने मागे घेतला, हे सगळे उघड होत असे. पुढे 'पाठवा' हे बटण आले आणि ही गंमत संपली. टॉकोमॅटिकवरचे बोलणे कुठे साठवले जात नव्हते. नोट्समधले मात्र राहत होते.

राहणारे बोलणे आणि वाहून जाणारे बोलणे हा फरक तांत्रिक वाटला, तरी मैत्रीच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला. जे लिहिलेले राहते ते माणूस जपून लिहितो, त्यात मुद्दा असावा लागतो आणि चुकीला पुरावा असतो. 'आज डब्यात काय आणले' हे विचारायला जागा लागते ती दुसरीच. कॅलिफोर्नियात १९८५ साली सुरू झालेला 'द वेल' हा समुदाय पहिल्या वाटेने गेला, तर फिनलंडमधील औलू विद्यापीठात जार्को ओइकारिनेन याने १९८८ च्या ऑगस्टमध्ये तयार केलेली 'आयआरसी' ही तत्क्षणी गप्पा मारण्याची सोय दुसऱ्या वाटेने.

मराठी माणसांपर्यंत हे सारे पोहोचले ते प्रथम अमेरिकेत. तेथे शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्यांना विद्यापीठातून किंवा कचेरीतून इंटरनेट मिळत होते. भारतात विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांसाठी खुले केले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. नव्वदीच्या दशकात 'यूजनेट' या इंटरनेटवरील चर्चागटांच्या जाळ्यावर मराठी संस्कृतीसाठी स्वतंत्र चर्चागट होता, आणि १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतूनच 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले. त्याच्यावरील चर्चेच्या विभागाचे नाव होते 'हितगुज'. आरंभीचे लेखन रोमन लिपीतून चाले, कारण देवनागरी दाखवायची तर वाचणाऱ्याच्या संगणकावरही तोच टंक असावा लागे. रोमनमधून लिहिलेल्या मराठीत 'त' आणि 'ट' एकच दिसत, आणि तरीही माणसे तासन्‌तास लिहीत होती, यावरून बोलण्याची भूक किती होती ते लक्षात यावे.

ही भूक विषयांच्या चौकटीत मावणारी नव्हती. पाककृतीच्या पानावर कोणी पुरणपोळी फाटते म्हणून विचारावे, दोघींनी कणकेत तेल किती घालायचे ते सांगावे, आणि पाचव्या उत्तरापर्यंत गाडी एकीच्या सासूबाईंच्या अमेरिकावारीवर पोहोचलेली असावी. चर्चा गंभीरपणे वाचणाऱ्यांना हे 'अवांतर' खटके आणि प्रशासकांकडे तक्रारी जात. त्यावर मायबोलीने काढलेला तोडगा व्यवहारी होता: गप्पांना वेगळी पाने द्यावीत, आणि त्यांतली काही 'वाहती' ठेवावीत, म्हणजे नव्या नोंदी येतील तशा जुन्या आपोआप नाहीशा होतील. साठवणुकीची जागा वाचावी हा हेतू त्यात असणारच. पण प्लेटोवर योगायोगाने शेजारी आलेल्या दोन सोयी येथे एकाच छपराखाली, ठरवून नांदू लागल्या, आणि माझ्या मते मराठी आंतरजालाच्या सामाजिक इतिहासातील ही सर्वांत शहाणपणाची योजना होती.

गप्पांची पाने बहुधा गावांवरून पडली. 'पुण्यातले पुणेकर' हे त्यांतले एक प्रसिद्ध पान, तर न्यू जर्सीकरांनी आपल्या 'गार्डन स्टेट'चे 'बागराज्य' करून टाकले. अशा पानाचा दिवस घड्याळाच्या फरकावर चाले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे तिकडचा सभासद कॉफीचा कप घेऊन 'सुप्रभात' लिहितो त्याच सुमारास इकडचा 'निघतो आता, बस चुकेल' असे लिहून उठतो. मधल्या काळात कोणाचा ताप उतरला, कोणाच्या मुलीचा निकाल लागला, कोणाकडे भरली वांगी होती, याची देवाणघेवाण झालेली असे. एकेक नोंद वाचली तर त्यात काही नाही. परंतु तीच माणसे वर्षभर रोज त्याच वेळी भेटत राहिली, की एखादा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या 'विपू'त, म्हणजे विचारपुशीत, 'बरे आहे ना?' असा निरोप पडू लागे. मैत्री झाली ती या विचारपुशीपाशी.

पुढची पायरी प्रत्यक्ष भेटीची. छोट्या भेटीला मायबोलीवर 'गटग' म्हणत, आणि पावसाळ्यात होणारी मोठी सहल ती 'ववि', वर्षाविहार. २००७ साली सुरू झालेल्या 'मिसळपाव' या संकेतस्थळावर अशा भेटीला 'कट्टा' हा शब्द रूढ झाला, फुटकळ बोलण्यासाठी 'खरडफळा' आला आणि खासगी बोलण्यासाठी 'व्यनि', म्हणजे व्यक्तिगत निरोप. एव्हाना युनिकोडमुळे देवनागरी टंकणे सोपे झाले होते, त्यामुळे नवे सभासद थेट नागपूर, कोल्हापूर, नांदेडहून येऊ लागले होते.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. जुन्या सभासदांची टोपणनावे, त्यांचे ठरलेले विनोद, कोणाची कोणत्या वाक्यावरून खेचायची याची अलिखित परंपरा, हे सगळे नव्या माणसाला परकेच वाटणार. 'कंपूबाजी' हा आरोप प्रत्येक मराठी संकेतस्थळावर झाला आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता: ओळखीच्या आयडीच्या सुमार कवितेला भरघोस दाद मिळे, अनोळखी माणसाचा चांगला लेख दोन प्रतिसादांवर खाली जाई. त्यामुळे पुष्कळजण महिनोन्‌महिने 'रोमात' राहून, म्हणजे नुसते वाचत राहून, रीतिभाती कळल्यावरच तोंड उघडत. तेवढी सवड ती पाने देत होती, कारण ती उघडी होती.

'ऑर्कुट' हे समाजमाध्यम २००४ ते २०१४ या दहा वर्षांत आले आणि गेले. गप्पांची पाने खऱ्या अर्थाने रिकामी केली ती व्हॉट्सॲपने. जमलेल्या मित्रमंडळींनी आपापले गट काढले, फोन हातातच असल्यामुळे संगणक उघडण्याचे कारण उरले नाही, आणि वाहत्या पानांवरचा राबता ओसरला. पण व्हॉट्सॲपच्या गटात शिरायला फोन क्रमांक द्यावा लागतो, आणि आत घेणारा बहुधा कोणी ओळखीचाच असतो. संकेतस्थळावर माणूस येई तो नुसता आयडी होऊन. आपल्याकडे ओळख होताच आडनाव, गाव आणि त्यावरून जात यांचा अंदाज बांधला जातो. येथे तो अंदाज निदान काही महिने लांबणीवर पडत असे, आणि तेवढ्यात समोरच्याचा स्वभाव, त्याचे वाचन, त्याची चेष्टा सहन करण्याची ताकद कळून गेलेली असे. या आडोशाचा गैरफायदा घेणारे 'डुआयडी', म्हणजे एकाच माणसाचे दुसरे आयडी, हेही होते, एकाच माणसाने स्वतःच्याच लेखाला दोन नावांनी शाबासकी देण्याचे प्रकार घडले, भांडणे तर अखंड चालत. तरीही साठीचे निवृत्त गृहस्थ आणि विशीतली अभियांत्रिकीची विद्यार्थिनी 'अहो-जाहो'शिवाय बरोबरीने वाद घालत आहेत, आणि वय कळल्यावरही ते नाते तसेच राहिले आहे, हे तेथे घडू शकले. ओळखीच्यांच्या बंद गटात ते घडण्याची शक्यता फार कमी.