लकवा दिसायला एकच, पण नस तुंबली की फुटली?

समजा, सोलापूरच्या पूर्व भागात एकाच गल्लीत, एकाच सकाळी दोघांना लकवा मारला. एक यंत्रमागावर काम करणारे पंचावन्नचे मामा, दुसऱ्या विड्या वळणाऱ्या साठीच्या अक्का. दोघांचंही तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात-पाय लुळा, जीभ जड. शेजारच्याने मशीन आणून बीपी बघितलं तर दोघांचं १९० च्या वर. गल्लीच्या लेखी दोघांना एकच झालंय. प्रत्यक्षात मामांच्या मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबली आहे आणि अक्कांची फुटली आहे. पुढच्या काही तासांत जे इंजेक्शन मामांना पायावर उभं करू शकतं, तेच अक्कांना दिलं तर जिवावर बेतेल.

पहिल्याला डॉक्टर इस्केमिक स्ट्रोक किंवा इन्फार्क्ट म्हणतात, दुसऱ्याला हॅमरेज. जगभरात २०२१ मध्ये झालेल्या नव्या झटक्यांपैकी साधारण ६५ टक्के तुंबण्याचे होते आणि जवळपास २९ टक्के मेंदूच्या आत रक्तस्राव होण्याचे. उरलेले मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरण्याचे. तो प्रकार वेगळा आहे, अचानक आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी घेऊन येतो, आणि इथे तो बाजूला ठेवतो.

उजनीहून येणाऱ्या जलवाहिनीचं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. लाईन चोक झाली तर पलीकडच्या टाकीत थोडं तरी पाणी चढावं म्हणून दाब टिकवावा लागतो. लाईन फुटली तर आधी दाब उतरवावा लागतो. मेंदूतला सुरुवातीचा हिशेब असाच उलटसुलट आहे. पण रस्त्यावर फुटलेलं पाणी वाहून तरी जातं. कवटीतलं रक्त जाणार कुठे? ते तिथेच साचून गोळा होतं आणि शेजारचा चांगला मेंदूही चेपू लागतं. पहिल्या दिवसात साधारण तीनातल्या एका रुग्णात हा गोळा आणखी वाढतो, आणि वाढ बहुतेक पहिल्या काही तासांतच होते.

तुंबण्यात गोष्ट वेगळी. मधला भाग लगेच मरतो, पण त्याच्या भोवतीचा मेंदू बंद पडलेला असला तरी अजून जिवंत असतो. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांमधून झिरपणाऱ्या रक्तावर तो कसाबसा तग धरतो. त्या झिरपण्याला दाब लागतो, आणि झटक्यानंतर वाढलेलं बीपी तो पुरवत असतं. मोठी वाहिनी बंद झाली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. सगळी धावपळ त्या भोवतीच्या भागासाठी असते.

बाहेरून ओळखता येत नाही का? खुणा आहेत. उलट्या, जोराची डोकेदुखी, बघता बघता बेशुद्धी असेल तर हॅमरेजकडे संशय जास्त. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी लुळा उठला तर गुठळीकडे. पण मोठ्या गुठळीचा रुग्णही बेशुद्ध होतो, आणि छोटं हॅमरेज डोकं न दुखवता फक्त हात लुळा करून थांबतं. लक्षणांना गुण देऊन बेरीज करायचे तक्तेही निघाले. थायलंडच्या सिरिराज रुग्णालयाचा तक्ता त्यातला प्रसिद्ध. संशोधकांनी ते सीटी स्कॅनशी ताडून पाहिले, आणि ज्यावर विसंबून औषध द्यावं इतकी खात्री कुठलाच तक्ता देईना. १९७१ मध्ये लंडनला माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. त्याआधी नेमकं काय झालं होतं हे कित्येकदा शवविच्छेदनातच कळायचं.

आता नातेवाईक हमखास गोंधळतात ती गोष्ट. सीटीवर ताजं रक्त पांढरंशुभ्र दिसतं, त्यामुळे अक्कांचं हॅमरेज कुणालाही बोट ठेवून दाखवता येईल. मामांचा स्कॅन मात्र पहिल्या दोन-तीन तासांत जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो. मग बाहेर बाकावर कुजबुज सुरू होते: ‘अहो, रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग एवढं महागाचं इंजेक्शन कशाला? उद्या बघू.’ हात-पाय लुळे आणि सीटी स्वच्छ, याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. रक्तस्राव नाही, म्हणजे बहुधा गुठळी आहे आणि मेंदूचा बराच भाग अजून वाचण्यासारखा आहे. हीच इंजेक्शन द्यायची वेळ. (साखर फार उतरली तरी लकव्यासारखं दिसतं, म्हणून बोटाला टोचून साखर आधीच बघतात.) स्वच्छ सीटी ऐकून हायसं वाटून घरी निघालेलं कुटुंब ही माझ्या मते या आजारातली सगळ्यात वाईट गैरसमजूत आहे. झाडपाल्याच्या औषधाला आपण नावं ठेवतो, पण हिचं नुकसान त्याहून कमी नाही.

दुसरी गैरसमजूत जिभेखालच्या गोळीची. बीपी १९० दिसलं की घरातला कुणीतरी शहाणा निफेडिपिनची, म्हणजे बीपी उतरवणाऱ्या औषधाची, कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवतो, नाहीतर शेजारच्या आजोबांची हार्टची गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, पाण्याबरोबर देतो. पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो तो वेगळाच. बीपीबाबतचं उत्तर २०२४ मध्ये फार स्वच्छ मिळालं. चीनमध्ये इंटरॅक्ट-४ नावाच्या अभ्यासात २४०४ रुग्णांपैकी निम्म्यांचं बीपी रुग्णवाहिकेतच, म्हणजे सीटीच्या आधी, औषधाने उतरवलं. सगळ्यांचा एकत्र निकाल शून्य आला, ना फायदा ना तोटा. मग सीटीनुसार दोन ढीग वेगळे केले. हॅमरेजवाल्यांना फायदा झाला होता, गुठळीवाल्यांना नुकसान, आणि दोन्ही एकमेकांत फिटून शून्य दिसत होतं. लकवा म्हणजे लकवा असं धरून चालल्यावर काय होतं, हे याहून चांगलं दाखवणारा अभ्यास मला ठाऊक नाही. ॲस्पिरिनचंही तसंच. गुठळीच्या झटक्यात पहिल्या ४८ तासांत दिल्याने थोडा पण खरा फायदा होतो, हे १९९७ च्या दोन प्रचंड अभ्यासांनी दाखवलं. पण ते रक्तस्राव नाही याची खात्री करून. तेव्हा घरी काहीही द्यायचं नाही. माणसाला कुशीवर झोपवायचं आणि निघायचं.

सीटी झाल्यावर दोन वाटा फुटतात. मामांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. १९९५ च्या अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांच्या अभ्यासात ते तीन तासांच्या आत दिलं गेलं. तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरं असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढली होती. फुकटात नाही, कारण लक्षणं वाढवणारा मेंदूतला रक्तस्राव इंजेक्शन घेणाऱ्यांत ६.४ टक्के झाला, न घेणाऱ्यांत ०.६ टक्के. २००८ मध्ये मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढतात. २०१५ पासून त्याचे पुरावे भक्कम आहेत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही ते करतात. दाब टिकवायचा असला तरी इंजेक्शनच्या आधी बीपी १८५/११० च्या खाली आणतात, आणि इंजेक्शन द्यायचं नसेल तर सहसा २२०/१२० पर्यंत हात लावत नाहीत. बीपी २०० असताना डॉक्टर गप्प का बसलेत, म्हणून वॉर्डात आवाज चढतो तो इथेच.

अक्कांचं उलटं. वरचं बीपी तासाभरात १४० च्या आसपास, साखर आणि ताप काबूत, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम उतरवणं. यात चमत्कार करणारं इंजेक्शन कुठलंच नाही, म्हणून पूर्वी हॅमरेज म्हटलं की ‘देवाच्या हवाली’ असा सूर असायचा. २०२३ मध्ये इंटरॅक्ट-३ या भारतासह दहा देशांतल्या सात हजारांवर रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की ही साधी कामं एकत्र आणि वेळेत केली तर परिणाम सुधारतो. सिव्हिल असो की खासगी, एवढं करायला परदेशी यंत्र लागत नाही.

वेळेबद्दल एक बारीक गोष्ट. डॉक्टर विचारतात, ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?’ उत्तर येतं, ‘आत्ता पाचला झालं.’ खोदून विचारल्यावर कळतं की पाचला उठवायला गेले तेव्हा ते बोलेनात, आणि रात्री दहाला जेवून झोपले तेव्हा ठीक होते. घड्याळ दहापासून सुरू होतं. एमआरआय बघून अशा काहींना तरी इंजेक्शन देता येतं, पण ते सगळीकडे जमत नाही. करमाळा किंवा सांगोल्याहून निघालेल्या माणसाचे साडेचार तास कसे जातात ते बघा. तास दीड तास ‘थोडं पडू दे, उतरेल’, मग गावातला दवाखाना, तिथे एक सलाईन, मग गाडीची जमवाजमव. १०८ ला फोन करताना आणि गाडीत बसल्यावरही एकच विचारायचं, सीटी चालू असलेलं जवळचं ठिकाण कुठलं. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटरवर आहे, तिथल्या माणसाने तर उशिरा पोचायचं कारणच नाही.

मुळात हे होतं कशाने? इंटरस्ट्रोक नावाचा अभ्यास भारतासह ३२ देशांत झाला. २०१६ मध्ये छापून आला तेव्हा त्यात झटका आलेले १३ हजारांवर आणि न आलेले तितकेच लोक होते. बदलता येण्याजोगी दहा कारणं मिळून सुमारे ९० टक्के झटक्यांचा हिशेब लागतो, आणि एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास. (प्रत्येक कारणाचा वाटा सुटा मिळवला तर बेरीज शंभरच्या वर जाते. एकाच माणसात बीपी, सुटलेलं पोट आणि तंबाखू एकत्र नांदतात, म्हणून.) बीपी दोन्हींना जबाबदार असलं तरी सारख्या प्रमाणात नाही. बीपीवाल्यांत गुठळीच्या झटक्याची शक्यता पावणेतीन पट दिसली, हॅमरेजची चार पट. मेंदूच्या पोटात शिरणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या धमनीतून थेट काटकोनात फुटतात. वर्षानुवर्षं दाब सोसून त्यांची भिंत कुजते. तीच धमनी एकात जाड होऊन बंद पडते, दुसऱ्यात फुटते.

बाकीची कारणं मात्र एका बाजूला झुकतात. मधुमेह, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट ओढणं आणि हृदयाचे आजार मुख्यतः गुठळीकडे नेतात. आपल्याकडे लहानपणी सांधेतापात झडप खराब झालेली तिशीतली बाई हृदयातून सुटलेल्या गुठळीने लुळी पडते, हे पाश्चात्त्य पुस्तकांत आता फारसं भेटत नाही. दारूचा अतिरेक हॅमरेजकडे जास्त झुकतो. मिठाबद्दल बोललं की लोणचं-पापड आणि शेंगाचटणीवर जगणारं आपलं शहर लगेच बचावात उतरतं, म्हणून फक्त आकडा देतो: चीनच्या ६०० खेड्यांत मिठातलं पाव सोडियम क्लोराईड काढून पोटॅशियमचं घातलं, तर झटके १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे मीठ विचारल्याशिवाय खाऊ नये.

दहा मिनिटं हात लुळा पडला आणि आपोआप सुटला, तर ती गुठळीच्या बाजूची पूर्वसूचना. माणूस बरा झाला म्हणून चहा पिऊन कामाला लागतो. इंग्लंडमधल्या २००७ च्या अभ्यासात अशांना तातडीने औषधं सुरू केल्यावर पुढच्या तीन महिन्यांतले झटके ८० टक्क्यांनी कमी झाले.

परिणामांचं काय? हॅमरेजमध्ये पहिल्या महिन्यातच सुमारे ४० टक्के रुग्ण दगावतात. गुठळीत ते प्रमाण निम्म्याहूनही कमी. म्हणून हॅमरेज वाईट असं सरळ समीकरण मांडलं जातं, पण वाचलेल्यांचं चित्र तेवढं सरळ नाही. गुठळीने मेलेला मेंदू परत येत नाही. रक्ताच्या गोळ्याने चेपलेला काही भाग मात्र गोळा काही आठवड्यांत विरला की पुन्हा चालू होतो. पहिल्या पंधरवड्यात हलत नसलेला पाय दुसऱ्या महिन्यात उचलला जाताना दिसतो तो यामुळे. संशोधक तीन महिन्यांनी शून्य ते सहा असं माप लावतात: शून्य म्हणजे काहीच तक्रार नाही, सहा म्हणजे मृत्यू. दोनवर असलेला माणूस आपली आंघोळ-जेवण आपण करतो पण पूर्वीचं काम सगळं जमत नाही. कागदावर दोन म्हणजे चांगला निकाल. मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्याच्या घरी त्याच दोनाचा अर्थ पगार बंद.

घरच्यांनी शिकून व्यायाम करून घेतला तर फरक पडतो का, हे भारतातच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर तपासलं, २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेले, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत, ४७ टक्के. घरच्यांची सेवा वाया जाते असा याचा अर्थ नाही. पण थोड्या प्रशिक्षणावर फिजिओथेरपिस्टचं काम सुनेच्या गळ्यात घालून मोकळं होता येत नाही, एवढं नक्की.

घरी आल्यावरही दोघांचे रस्ते वेगळेच राहतात. मामांना रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा कायमची. अक्कांना ती ‘लकव्याची गोळी’ म्हणून मामांच्या पट्टीतून कुणी दिली तर घात. त्यातही अक्कांना आधीपासून हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर प्रश्न अवघड होतो. ब्रिटनमधल्या २०१९ च्या रीस्टार्ट अभ्यासात अशा ५३७ जणांत गोळी पुन्हा सुरू केल्याने रक्तस्राव वाढल्याचं दिसलं नाही. ते ठरवायला डॉक्टरला पहिल्या दिवसाची सीटी फिल्म लागते. घरोघरी ती गादीखाली दुमडलेली सापडते, किंवा सापडतच नाही, आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘स्ट्रोक’ लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याकडून इन्फार्क्ट की हॅमरेज हे त्याच दिवशी कार्डावर लिहून घ्या.